सीडी प्लेअरचा निकाल

सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये जयप्रकाशांचा सीडी प्लेअर टीव्हीपेक्षा मानाच्या जागी बसलेला होता. त्याला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपायची नाहीत. अशात मुलगा, केयूर, एकदा सहज बोलून गेला, "बाबा, हेच गाणं कॉम्प्युटरवरून जास्त क्लिअर वाजतं." झालं. जयप्रकाशांनी ते मनाला लावून घेतलं आणि घरात वाद पेटला.

खरं सांगायचं तर दोन्हींतला फरक जयप्रकाशांना काडीचाही कळत नव्हता. पण तसं कबूल करतील तर ते जयप्रकाश कसले! शिवाय वाद मिटवण्यात त्यांचा तोटाच होता. लग्नानंतर केयूर नावड्याला राहायला गेला, तो सणासुदीलाच उगवायचा. वाद सुरू झाल्यापासून मात्र दर रविवारी हजर. कधी नवी वायर, कधी डॅक नावाची काडेपेटीएवढी डबी, जी म्हणे कॉम्प्युटरचा आवाज सुधारते. जयप्रकाश डोळे मिटून ऐकायचे आणि नाक मुरडायचे. "तबला कोरडा वाटतो रे." की पुढच्या रविवारी केयूर तबला ओला करायला आणखी काहीतरी घेऊन यायचा. मग सुरमईचं कालवण व्हायचं, जेवून पोरगा दिवाणावर आडवा व्हायचा आणि त्याचं घोरणं ऐकत जयप्रकाश पेपर वाचायचे. याहून चांगलं संगीत त्यांना नकोच होतं.

त्या रविवारी केयूर येतानाच ठरवून आला होता. "बाबा, आज फायनल करून टाकू. तुमच्या डोळ्यांवर पट्टी. आई कधी सीडी लावेल, कधी कॉम्प्युटर. ओळखलंत तर मी परत विषय काढणार नाही. नाही ओळखलंत तर प्लेअर माळ्यावर."

जयप्रकाशांनी मनात हिशेब मांडला. जिंकले तरी विषय बंद, हरले तरी बंद. रविवार दोन्हीकडून हातचा जाणार होता. त्यांनी सर्दीचं निमित्त काढून पाहिलं, पण त्यांची बायको वैशाली म्हणाली, "सकाळी भजी हाणताना कुठे होती सर्दी?"

केयूरने मोबाईलवर मोजून दोन्हींचा आवाज सारखा केला, वैशालीने नवऱ्याच्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि परीक्षा सुरू झाली. जयप्रकाशांनी मनाशी बेत आखला. एकदा सीडी म्हणायचं, एकदा कॉम्प्युटर. अर्धी उत्तरं बरोबर, अर्धी चूक, म्हणजे ना जिंकणं ना हरणं. कुणाला शंका नको म्हणून ते मध्येच मान डोलवत होते, "थांब, परत लाव" म्हणत होते. एकदा तर त्यांनी सतारीला दादही दिली. वाजत बासरी होती.

"अर्धी बरोबर, अर्धी चूक," वैशालीने शेवटी सांगितलं.

जयप्रकाशांनी ऐटीत ओढणी सोडली. "म्हणजे बरोबरी. निकाल काय लागलाच नाही."

"लागला ना," केयूर म्हणाला. "अर्धी बरोबर म्हणजे नुसते अंदाज. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. बाबा, तुम्हाला फरक कळतच नाही."

हे जयप्रकाशांच्या हिशेबातच नव्हतं. केयूर खाली बसून वायरी सोडवायला लागला. डबी खिशात गेली, लॅपटॉप बॅगेत गेला. जयप्रकाशांना एकदम फार वाईट वाटलं, आणि जे कधीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं ते तोंडून निघून गेलं.

"मग पुढच्या रविवारी तू कशाला येशील?"

वायरचं वेटोळं हातात धरून केयूर बापाकडे बघत राहिला. मग त्याने बॅगेची चेन उघडली, लॅपटॉप परत बाहेर काढला आणि स्पीकरला कान लावून कपाळाला आठ्या घातल्या.

"एक मिनिट बाबा. ही टेस्टच चुकली. दोन्हींचा आवाज सारखा नव्हता."

"अरे, सारखाच होता की," वैशाली म्हणाली. "तूच तर मोबाईलवर मोजलास."

"नव्हता," बापलेक एकदमच म्हणाले.