दांड्यावरचा नारळ

उस्मानपुऱ्यातल्या काकासाहेबानं कार्बनची सायकल घेतली अन् गल्लीत कुणाला सुखानं चहा पिऊ देईना.

"लोखंडाची सायकल म्हंजे म्हैस. ॲल्युमिनियमची म्हंजे शेळी. अन् कार्बनची म्हंजे हरीण!" असं म्हणत तो ती एका बोटावर उचलून दाखवायचा.

"मग हरणाचं दूध काढतोस व्हय?" त्याची आई सरूबाई विचारायची.

वडील, आप्पासाहेब, यांची हिरवी सायकल लोखंडाचीच, म्हंजे म्हैस. त्यांची म्हैस तरणी होती तवा तिच्यावर त्यांनी सिल्लोडहून सरकी आणली, सरूबाईला आणलं, तापानं फणफणलेल्या काकासाहेबाला दवाखान्यात नेलं. तीच म्हैस, हरणाला जागा पायजे म्हणून काकासाहेबानं गुपचूप फकिरा भंगारवाल्याला विकली होती. घरात सांगितलं, "ऑइलिंगला टाकलीय."

दसरा आला. आप्पासाहेब नारळ घेऊन अंगणात उभे. दरसाली सायकलीच्या दांड्यावरच ते नारळ फोडायचे.

"माझी सायकल कुठंय रं?"

"दुकान बंद हाय आज." काकासाहेबाची जीभ अडखळली. "आता हिचाच मान, आप्पा. हिच्यावरच होऊ द्या." त्याला वाटलं, आप्पा हळद-कुंकू लावतील.

आप्पांनी सवयीनं दणका हाणला.

कडाड्!

नारळ शाबूत. दांडा फुटला.

सरूबाईनं वाकून बघितलं. "पाणी नाय निघालं."

आप्पांनी नारळ खाली ठेवला. "मी मोडली रं तुझी. वेल्डिंगवाल्याकडं नेऊ?"

"कार्बनला वेल्डिंग होत नाय, आप्पा."

"मग रविवारी दोस्तांसंग सिल्लोडला कसा जाशील? असं कर, माझी घेऊन जा. लोखंडाचीय, पण नेईल. आजपासून तुझीच ती."

काकासाहेब चपला न घालताच फकिराकडं पळाला.

दुकानात एका हिरव्या दांड्याला वजनकाटा टांगलेला, वर झेंडूची माळ. दांड्यावर आप्पांनी खिळ्यानं कोरलेलं नाव. करवतीनं अर्धंच ठेवलेलं.

"बाकीची कुठंय?"

"गेली जालन्याला, भट्टीत," फकिरा म्हणाला अन् त्यानं दांड्यावर नारळ हाणला. एका दणक्यात दोन भकलं. "घ्या परसाद! काय लोखंड हाय राव! असा माल कुणी विकतंय व्हय? मला तवाच वाटलं, तुमचं डोकं फिरलंय."

काकासाहेबानं खोबरं तोंडात टाकलं. घरी आप्पा आपल्या सायकलीत हवा भरायला पंप काढून बसले असतील.