रिकाम्या चौकटीचे कारण

संगणकाच्या पडद्यावरची चौकट रिकामी आहे. तिच्यावर लिहिले आहे: औषधांचा त्रास.

वरच्या मजल्यावर खुर्ची सरकते. खाली एकटा जेवणारा माणूस छताकडे बघतो आणि पुढचा घास घेतो.

खूप वर्षांपूर्वी, सात वर्षांचा मुलगा, इंजेक्शननंतर ओठ सुजून टम्म. शेजारी त्याचा धाकटा भाऊ भोकाड पसरून रडतो आहे.

"सोमवारी जोडणी सुरू म्हणजे सुरू," विभागप्रमुख मॅडम म्हणतात.

जेवणारा, रडणारा आणि मॅडमचे ऐकून घेणारा माणूस एकच. इस्पितळाच्या संगणक विभागात त्याला दुभाषी म्हणतात, कारण वॉर्डचा प्रोग्रॅम आणि औषध विभागाचा प्रोग्रॅम यांना एकमेकांशी बोलते करणे हे त्याचे काम.

"रिकामं म्हणजे नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यात एवढं पुराण कसलं?"

"वॉर्डात रिकामं म्हणजे अजून विचारलंच नाही. औषधवाल्यांकडे रिकामं म्हणजे त्रास नाही. जोडलं की न विचारलेल्याचं 'नाही' होतं. मग एखाद्याला नको ते औषध जाईल."

"दुभाषी, तुमचा संसार त्या रिकाम्या चौकटींशीच," फार्मासिस्ट म्हणाला. सगळे हसले. दुसरा संसार नव्हताच, म्हणून तोही हसला.

कित्येक वर्षे तो एक सिद्धान्त मांडत होता. दोन प्रणालींचे शब्द जुळवता येतात. अडते ते त्या गप्प बसतात तिथे, कारण प्रत्येकीच्या गप्प बसण्याचा अर्थ वेगळा. म्हणून रिकाम्या जागेने आपले कारण सोबत घेऊनच पलीकडे जावे. कारणे चार. विचारले नाही. विचारले, नाही म्हणाला. विचारले, त्याला ठाऊक नाही. विचारले, सांगत नाही. पाचवे असूच शकत नाही, असे तो पैजेवर सांगे.

"शुक्रवारपर्यंत पटवून द्या," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर रिकामं म्हणजे नाही."

गुरुवारी दुपारी वहिनीचा फोन आला. घराची वाटणी झाल्यापासून वरचा थोरला भाऊ आणि खालचा तो एकमेकांशी बोलत नव्हते.

"भावजी, ह्यांना तुमच्याच इस्पितळात आणलंय. परवाच."

"परवा? मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

तो वॉर्डात धावला. थोरल्याची छाती कफाने भरली होती. पडद्यावर त्याच्या नावापुढची चौकट रिकामी.

"आजोबा बोलतच नाहीत, आजींना काही ठाऊक नाही," सिस्टर म्हणाली. "संध्याकाळपासून पेनिसिलिन सुरू करायचंय."

दुभाषी खाटेजवळ उभा राहिला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलताना त्याने चौकटीतला प्रश्नच विचारला.

"कुठल्या औषधाचा त्रास होतो?"

थोरल्याने एक डोळा उघडला. "तुला माहितीये."

"तुझ्या तोंडून यायला हवं. नियम आहे."

"तुझाच असणार."

"हो."

"मग बदल की." थोरल्याला धाप लागली. "ओठ माझे सुजले होते. रडत तू होतास, गाढवा."

त्याने सिस्टरला सांगितले आणि चौकट स्वतः भरली: पेनिसिलिन. माहिती देणारा: भाऊ. मग तो तिथेच स्टुलावर बसून राहिला. थोरल्याने पाय किंचित सरकवले, हात टेकायला जागा झाली.

शुक्रवारी त्याने मॅडमसमोर कागद ठेवला. त्यावर पाच कारणे होती.

"पाचवं काय हे? 'ज्याला ठाऊक आहे, तो दुसरीकडे आहे.' असं कधी होतं का?"

"घरोघरी," तो म्हणाला. मग वॉर्डातली हकीगत सांगितली, भाऊ कुणाचा ते न सांगता. मॅडमनी कागद पुन्हा वाचला. "बरं. पाच ठेवा."

औषध बदलले होते. ते लागूही पडत होते. पण हृदय थकलेले होते, आणि शनिवारी थोरला गेला. इस्पितळाच्या दारात वहिनीने दुभाष्याचा दंड धरला आणि गाडी येईपर्यंत सोडला नाही.

सोमवारी जोडणी सुरू झाली. रिकाम्या चौकटी आपापली कारणे घेऊन पलीकडे जाऊ लागल्या. फार्मासिस्टने लांबूनच अंगठा दाखवला. दुभाष्याने मान हलवली आणि पुढची नोंद उघडली.

लहानपणी दोघे भाऊ एकाच खाटेवर झोपत. धाकटा पडू नये म्हणून भिंतीकडची बाजू थोरल्याने त्याला दिली होती.