लाल ठिपक्याचे सेल

सून सेल आणायला निघाली आणि महिनाभर निघतच राहिली, हे धुरपदाबाईंनी भेस्तानच्या आपल्या गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं. त्यासाठी त्यांना कुठे जावं लागत नव्हतं. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या मागच्या खोलीत कॉटवर पडून होत्या, पण शेजारच्या इंदुबाई रोज दुपारी येऊन बसत, आणि इंदुबाईंच्या कानावर घातलं की गल्लीला वेगळं सांगायची गरज उरत नसे.

सेल हवे होते घंटीसाठी. कॉटच्या दांडीला एक बटन बांधलं होतं. ते दाबलं की सून नूतन हिच्याजवळच्या डबीतून चिवचिवाट व्हायचा आणि नूतन हातातलं काम टाकून यायची. डबी तिच्याबरोबर घरभर फिरायची. कधी ओट्यावर, कधी मोरीच्या कट्ट्यावर, कधी बाहेरच्या खोलीत, जिथे ती मशीनवर साड्यांना लेस लावत बसायची. हाक मारून भागत नव्हतं. दोन्ही बाजूंच्या घरांत एम्ब्रॉयडरीची मशीनं दिवसभर धडधडत, आणि धुरपदाबाईंचा आवाज, जो एके काळी कांड्या भरताना अख्ख्या लूमखात्याला पुरून उरायचा, तो आता स्वयंपाकघरसुद्धा ओलांडत नव्हता. संडासला जायचं तर कोणाचा तरी खांदा लागायचा. त्या वयात, त्या हालतीत, बाईची सगळी अब्रू त्या डबीतल्या दोन पेन्सिल सेलांवर येऊन टेकली होती.

आणि ते सेल सारखे उतरायचे. तेव्हा नूतनने ठरवलं की चार्ज करायचेच सेल घेऊ, आणि एक चांगला चार्जर.

धुरपदाबाईंना हे ऐकूनच हसू आलं. त्यांच्या मालकांनी, मगनरावांनी, रेडिओचे सेल उन्हात ठेवून, दातांनी चेपून आठ-आठ दिवस जास्त चालवले होते, आणि ही सातवी शिकलेली बाई सेलांना वीज पाजणार. बरं, घ्यायचे तर घ्यावेत आणि मोकळं व्हावं. पण नाही. ही फोनवर वाचत बसली, मग उधन्याच्या दुकानात जाऊन नुसती विचारून आली, मग परत वाचत बसली. लग्नाला मुलगा पाहतानासुद्धा हिच्या बापाने एवढी चौकशी केली नसेल, असं धुरपदाबाई म्हणाल्या. म्हणाल्या आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की मुलगा आपलाच होता, आणि त्याची चौकशी करण्यासारखं काही नव्हतंच, तो होताच तसा.

धर्मेंद्र हजीऱ्याच्या कंपनीत क्रेनवर होता. कंपनीची बस त्याला नाक्यावरून घेऊन जायची आणि आणून सोडायची, आणि बसमध्ये एसी होता. धुरपदाबाईंनी त्याला तळहातावरच्या फोडासारखा वाढवला होता. तो जेवून उठला की ताट तिथेच राहायचं, आणि ते तसं राहणं धुरपदाबाईंना पुरुषासारखं वाटायचं.

त्याने सेलांचा प्रश्न एका संध्याकाळी निकालात काढला. बसमधून उतरला, स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून चार सेलांचं पाकीट घेतलं, वर एक चार्जर फुकट मिळवला, आणि सगळं आईच्या उशाशी आणून टाकलं. सेलांवर भला मोठा आकडा छापला होता. जितका आकडा मोठा तितका सेल जास्त साठवतो, हे त्याने आईला समजावून सांगितलं. धुरपदाबाईंचा ऊर भरून आला.

नूतनने पाकीट हातात घेऊन पाहिलं आणि मान हलवली. पेन्सिल सेलात एवढं मावतच नाही म्हणाली. शिवाय हा चार्जर सेल भरला तरी थांबत नाही, रात्रभर तापवत राहतो.

"आकडाबी समजस नही का तुले?" धुरपदाबाई म्हणाल्या.

"आकडा कितीबी छापता येस, आत्याबाई," नूतन म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन आपल्या पसंतीचे घेऊन आली. तिच्या सेलांवरचा आकडा लहान होता आणि किंमत मोठी. ते नुसते पडून राहिले तरी उतरत नाहीत म्हणे. चार्जरला चार वेगवेगळे खण, प्रत्येक खणाला आपला दिवा, सेल भरला की हिरवा होऊन आपोआप बंद. चार सेल होते. दोन घंटीत आणि दोन कायम भरून तयार. पैसे तिने लेसच्या मजुरीतून दिले होते, म्हणून धुरपदाबाईंना उधळपट्टीबद्दल बोलता येईना, याचाच त्यांना जास्त राग आला.

मग तर कहरच झाला. सुनेने नखांना लावायचा लाल रंग काढला आणि घंटीतल्या दोन सेलांच्या बुडाशी एकेक ठिपका दिला. दुसऱ्या जोडीला निळा. एका वेळी भरलेले दोन सेल एकत्रच वापरायचे, जुना-नवा मिसळला की दोन्ही लवकर मरतात, असं काहीतरी ती सांगत होती. धुरपदाबाईंनी इंदुबाईंना बोलावून दाखवलं. नवरा पाळीवरून दमून येतो, आणि ही घरात बसून सेलांना नटवते. इंदुबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि हसता हसता घरी गेल्या.

धर्मेंद्रचे मोठ्या आकड्याचे सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये गेले. त्याने हट्टाने घातले, आणि पुढे त्यांचं काय झालं ते कोणी विचारलं नाही.

घंटी मात्र झकास वाजू लागली. धुरपदाबाईंना ते कबूल करायचं नव्हतं, म्हणून त्या चिवचिवाटालाच नावं ठेवायच्या. पण काही आठवडे गेले आणि एका गुरुवारी घंटी वाजली नाही.

गुरुवारी धर्मेंद्रची सुट्टी. नूतन लेस लावलेल्या साड्यांचं गाठोडं कतारगामच्या शेठकडे पोचवायला त्याच दिवशी जायची, कारण घरात माणूस असायचं. डबी ती नवऱ्याच्या पुढ्यात ठेवून जायची. त्या गुरुवारी धुरपदाबाईंनी बटन दाबलं, परत दाबलं, अंगठा दुखेपर्यंत दाबलं. हाक मारली. बाहेर टीव्हीवर मॅचचा गोंगाट, शेजारी मशीनं. व्हायचं ते झालं. नूतन आली तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. नूतनने चादर काढली, गोधडी काढली, त्यांना पुसलं, कोरडं नेसवलं. धर्मेंद्र दारातून म्हणाला की घंटी वाजलीच नाही, चार्जरच भिकार असणार.

पुढच्या महिन्यात असं आणखी दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा गुरुवारीच. बाकी सगळे दिवस घंटी ठणठणीत. धुरपदाबाई पडल्या पडल्या विचार करत, आणि विचाराअंती त्यांना सगळं लख्ख दिसलं. सून घराबाहेर पडते त्याच दिवशी घंटी मरते, याचा अर्थ काय? जाताना ही सटवी मुद्दाम उतरलेले सेल घालून जाते. सासूने ओल्यात पडावं, लाजावं, आणि जन्मभर हिच्यापुढे मान खाली घालावी. एवढा हिशोब हिच्या डोक्यात. त्यांनी हे इंदुबाईंना सांगितलं, नंदुरबारला लेकीला फोनवर सांगितलं, आणि शेवटी नूतनच्या तोंडावर सांगितलं. नूतन ऐकून घेत उभी राहिली. तिच्या तोंडातून शब्द निघाला नाही, आणि धुरपदाबाईंच्या लेखी तोच पुरावा झाला.

त्या पुढच्या गुरुवारी नूतन जाण्याआधी त्यांनी बटन दाबून पाहिलं. डबी वाजली. नूतनने ती त्यांच्या डोळ्यांदेखत उघडून लाल ठिपके दाखवले आणि बाहेर नेऊन ठेवली. मगच त्या तिला जा म्हणाल्या.

दुपारी लघवीची कळ आली. त्यांनी बटन दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही.

धुरपदाबाईंचा संताप डोक्यात गेला. आज त्या सुनेचं कारस्थान लेकाला दाखवणारच होत्या. कॉटशेजारी वॉकर होता. डॉक्टर म्हणत रोज चाला, आणि त्या रोज म्हणत दुखतं. आज दुखणं बाजूला राहिलं. वॉकर पुढे, मग पाय, मग दुसरा पाय, ओट्याला धरत, फ्रिजला धरत. ओट्यावर चार्जर होता. निळ्या ठिपक्याचे दोन सेल त्यात भरून तयार होते, दिवे हिरवे. त्या पाहून पुढे गेल्या.

बाहेरच्या खोलीत धर्मेंद्र दिवाणवर आडवा पडला होता. पोटावर रिमोट. टीपॉयवर घंटीची डबी पालथी पडलेली, तिचं झाकण बाजूला, आणि आत रिकामं.

"माय, तू कशाले उठनी?" तो पडल्या पडल्याच म्हणाला. "सेल उतरना हुईत. तो चार्जरच भिकार शे."

एका हाताने वॉकर धरून धुरपदाबाईंनी दुसऱ्या हाताने त्याच्या पोटावरचा रिमोट उचलला. त्याचं झाकण कधीचं हरवलं होतं. आत दोन सेल शेजारी शेजारी झोपले होते, दोघांच्या बुडाशी लाल ठिपका.

मोठ्या आकड्याचे सेल केव्हाच मेले होते. ते कबूल करायला त्याला लाज वाटत होती. आणि भरलेले सेल ओट्यावर होते, पण तिथवर उठून जावं लागलं असतं. डबी हाताशी होती.

"मॅच व्हती," तो म्हणाला. "नूतन येवाना आधी परत टाकनार व्हतू. इतली काय घाई लागनी तुले?"

त्याच क्षणी, तिथेच, दिवाणाजवळ उभ्या उभ्या, त्यांचा धीर सुटला. लुगडं भिजलं, फरशी भिजली. धर्मेंद्र उठून बसला. त्याने पाहिलं आणि तोंड फिरवलं. खिशातून फोन काढून नूतनला लावला, लवकर ये म्हणाला, मायने घाण केली म्हणाला. मग पाय वर घेऊन बसला, भिजू नयेत म्हणून.

धुरपदाबाई तशाच उभ्या होत्या. ज्याचं गू-मूत काढताना कधी नाक मुरडलं नाही, तो पाय वर घेऊन बसला होता. त्यांना रडू आलं नाही. त्यांना त्याची किळस आली, आणि आपलीसुद्धा. हे एवढंसं माणूस आपण छत्तीस वर्षं मिरवलं. त्यांनी रिमोटमधले सेल नखाने उपसून काढले, कमरेच्या पिशवीत टाकले आणि रिकामा रिमोट दिवाणवर ठेवला.

नूतन रिक्षाने आली. तिने आधी सासूला धरलं, मोरीत नेलं, कोमट पाण्याने धुतलं, मग फरशी पुसली. धर्मेंद्र दारात येऊन उभा राहिला आणि नेहमीच्या सुरात म्हणाला की परत सेल उतरले, आता हा चार्जर फेकून दुसरा आणला पाहिजे. बोलताना त्याने आईकडे पाहिलं. आई गप्प राहील याची त्याला खात्री होती. आजवर ती राहिलीच होती.

धुरपदाबाईंनी पिशवीची नाडी सोडली आणि लाल ठिपक्याचे दोन्ही सेल नूतनच्या ओल्या हातावर ठेवले.

"चार्जर बेस शे तुना," त्या म्हणाल्या. "चोर घरमा शे. मीच पोसेल शे त्याले."

धर्मेंद्र काहीतरी पुटपुटत बाहेर गेला. नूतनने सेल पदराला पुसले, पण तिच्या चेहऱ्यावर नवल दिसेना. धुरपदाबाईंनी विचारलं, तुला ठाऊक होतं का. नूतन म्हणाली, पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्याने सेल उलटे घातले होते.

"मंग सांगं का नही?"

"तुमी कोनं आयकतात?"

उद्या इंदुबाई येतील तेव्हा सगळं उलट सांगावं लागणार, आणि इंदुबाई ते गल्लीभर करणार, हे धुरपदाबाईंना दिसत होतं. लेकीला फोन करावा लागणार होता. नखांचा रंग सेलांना लावणं त्यांना अजूनही थेरच वाटत होतं, पण त्या ते बोलल्या नाहीत. नूतनने सेल डबीत बसवले. त्यांनी बटन दाबलं. डबी वाजली.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. टीव्हीचा आवाज कमी होत नव्हता. रिमोटला सेल पाहिजेत, तो म्हणत होता, ओट्यावरचे आणून दे. नूतन सवयीने उठू लागली. धुरपदाबाईंनी तिचा हात धरला.

त्याने परत हाक मारली. मग आणखी एकदा, जरा मोठ्याने. मशीनं धडधडत होती, तरी दोघींनाही ती स्वच्छ ऐकू येत होती. कोणीच उठलं नाही.