पोती आत घ्या

माझा आवाज मोठा हाय, हे उदगीरच्या बाजारात कुणाला सांगायला नको. त्या आवाजापायीच गल्लीतल्या बायांनी मला पुढं केलं, अन् नगरपालिकेत हेलपाटे घालून आम्ही बाजाररस्त्याला फुटपाथ करून घेतला. चालणारे वर चढले की शाळेच्या पोरींच्या सायकलींना रस्त्याची कड मोकळी राहील, असं आमच्या मनात होतं. फरशी बसली त्या दिवशी आम्ही पेढे वाटले.

पेढ्याची चव जिभेवर होती तोवर दुकानदारांनी फुटपाथवर पोती मांडली. पहिलं पोतं कुणाचं? आमच्याच धान्याच्या दुकानाचं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! आमचे मालक ईश्वरप्पा, एरवी मी नाव घेत न्हाई पण रागात घेते, म्हणाले की माल दिसला न्हाई तर गिऱ्हाईक थांबंल कशाला. बाकीचे दुकानदार मला बघून हसायचे. गौरम्मा वैनी, आधी घरचं पोतं उचला, मग आम्हाला सांगा, म्हणायचे. एवढा मोठा आवाज माझा, पण घशातच राहायचा.

त्यात मल्लम्मा अक्काचं झालं. अक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण, आमच्याजवळच राहते. नजर कमी झालेली, तरी दर सोमवारी महादेवाच्या देवळाला पायी जायची, अन् तेही एकटी, काठीनं वाट चाचपत. कुणी हात पुढं केला तर झटकायची. एका सोमवारी पोत्यांपायी ती फुटपाथवरून खाली उतरली अन् मोटारसायकलचा धक्का बसला. देवाची कृपा, हाड वाचलं. पण त्या दिवशी काठी कोपऱ्यात गेली ती गेलीच. सोमवारी खिडकीतूनच हात जोडायची. मला लई वाईट वाटायचं, अन् त्याहून जास्त राग यायचा. ती कुणाच्या पोत्यापाशी उतरली, हे घरात कुणी बोलत नव्हतं. अक्का तर न्हाईच न्हाई.

मग श्रावण लागला. श्रावणात मठातले जंगम गुरू, महांतेश अय्या, पायी भिक्षेला निघतात. दुकानापुढं झाडून, त्यांच्या पायावर पाणी घालून भिक्षा वाढायची, अन् त्यांच्या वाटेत काही ठेवायचं न्हाई, ही आमची रीत. अय्या निघाले म्हणून कळालं अन् सगळ्या बाजारानं पोती आत ओढली. आमचे मालक तर स्वतः झाडू घेऊन फुटपाथ झाडू लागले. माझा जीव जळला. सख्ख्या बहिणीसाठी ते पोतं हललं नव्हतं.

अय्यांच्या पायावर पाणी घालता घालता मी सगळं सांगून टाकलं, मालकांच्या देखत. अय्यांनी ऐकून घेतलं. मग सगळ्या दुकानदारांना म्हणाले, "आता मी बाराही महिने येणार. कधी येईन, ते सांगणार न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या, अन् अडकले. अय्या कधी सकाळी यायचे, कधी भर उन्हात. पोती आतच राहू लागली. पोरी कडेकडेनं सायकली चालवू लागल्या. मी हरखून अक्काला म्हटलं, चला आता देवळाला.

"ती वाट अय्यांसाठी मोकळी हाय गं," अक्का म्हणाली. "माझ्यासाठी न्हाई."

मालक तिथंच जेवत होते, ते मान खाली घालून जेवत राहिले.

थंडीत अय्यांचे गुडघे धरले. आता ते चालत येणार न्हाईत, ही बातमी बाजारभर झाली. सोमवारी मी दुकानात गेले ती धास्तीनंच. शेजारच्या चंद्रप्पानं पोतं बाहेर ओढलंच होतं. आमचे मालक उठून त्याच्यापाशी गेले अन् आत घे म्हणाले. चंद्रप्पा हसला. अय्या तर अंथरुणात हायत, आता कुणासाठी?

"माझी अक्का यायची हाय," मालक म्हणाले.

अन् तसेच घरी गेले. कोपऱ्यातली काठी उचलून अक्काच्या हातात दिली. अक्कानं काठी घेतली. त्यांनी हात पुढं केला, तो मात्र नेहमीसारखा झटकला. ती पुढं अन् मालक चार पावलं मागं, असे दोघं बाजारात आले. चंद्रप्पानं पोतं पुन्हा आत ओढलं होतं.

आमच्या दुकानापुढं आल्यावर अक्का थांबली. जिथं पोतं असायचं तिथं तिनं काठी फिरवून बघितली. काही लागलं न्हाई. मग ती पुढं देवळाकडं निघाली.