पुरा कोयता

मी सिरसाळ्याकडच्या आठ गावांची नर्स. तोंडाची फटकळ म्हणतात मला, म्हणोत बापडे. नव्याण्णव साली अंबाजोगाईहून कागद आला, गरोदर बायांना हे दहा प्रश्न विचारा, मन कसं आहे ते कळेल. हात्तिच्या! इथं बाईला जेवलीस का म्हणून कुणी विचारत नाही, अन् मनाचं विचारा.

अंजनाला आठवा लागलेला. अर्धं गाव ऊसतोडीला गेलं होतं, तिचा नवरा भागवतही. घरी ती आणि सासू भिवराबाई. मी वाचलं, "उदास वाटतं का?"

"न्हाई," सासू म्हणाली.

"रडू येतं का?"

"कावून येईल? खातीया, पितीया."

माझं डोकं सणकलं. "मावशी, बाळंत तुम्ही होणार का ही?" म्हणून त्यांना चहा ठेवायला पिटाळलं. तरी अंजनानं नुसती नकाराची मान हलवली. शेवटी सहज विचारलं, "भागवतचं कसं चाललंय?"

"पुरा कोयता हाय त्यायचा."

बरं म्हणून मी 'ठीक' लिहायला घेतलं आणि हात थांबला. आमच्याकडे नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी अर्धा. अंजना तर इथं बसलेली.

"संग कोण हाय गं?"

"हाय एक. मुकादमानं जोडून दिली. फडावर एकाच कोपीत, एकाच खोपटात राहतेत." ती भुईकडे बघत बोलत होती. "मी आता अर्धी बी न्हाई, बाई. हिरीवर गेले की पाण्याकडंच बगत बसते."

'ठीक' लिहून उठणार होते मी, माझीच मला लाज वाटली. तिचा हात धरला. "उडी टाकावी वाटती?"

"रोज."

भिवराबाई कपबशी घेऊन आल्या. मी म्हटलं, "उद्या सकाळच्या एसटीनं हिला अंबाजोगाईच्या डॉक्टरकडे नेते. तोवर हिला एकटं सोडायचं नाही. विहिरीवर तर मुळीच धाडायचं नाही."

"अगं बया! लोक येडी म्हंतील हिला."

"म्हणू द्या!"

अंजना माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होती. "तितं बी असंच इचारतेत का?"

"विचारतात. शेजारी बसवून विचारतात."

"आन आत्याबाई मधी बोलत न्हाईत?"

"नाही."

एसटी उद्याची होती. अंजना तेव्हाच उठली आणि पिशवी भरायला लागली.