मोकळा झालेला गुडघा

जयसिंगची टाच नितंबाला टेकली आणि मी त्याचा पाय तिथंच धरून ठेवला.

"बघा मॅडम, झाला का न्हाय मोकळा?" टेबलावर पालथा पडून तो हसत होता. मांजरी गावचा हा पैलवान. संक्रांतीनंतर डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्यात नवं लिगामेंट बसवलं आणि व्यायामासाठी त्याला टिळक रोडला माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पाठवलं. टाच सरकव, मांडी आवळून धर, रोज थोडं थोडं. मागच्या वेळी हाच गुडघा काटकोनाच्या जरा पुढे जाऊन अडत होता. मग स्वारी पंधरा दिवस गायब!

"कुणी वाकवला?"

"आबांनी. तालमीत पालथं निजवलं, कमरंवर बसले आन् पाय मागं दाबला. काडकन आवाज आला."

"मग?"

"मग सुटलाच की! जरा सुजला, हळदीचा लेप लावला. आता अजाबात दुखत न्हाय."

त्याचे आबा म्हणजे वडील सर्जेराव, गावच्या तालमीचे वस्ताद. बाहेर बाकावर बसून फोनवर कुणाला तरी जत्रेच्या आखाड्याला बोलावत होते. जत्रा उद्या होती. अंग आखडलं की वस्तादानं दाबायचं आणि आवाज आला की मोकळं झालं म्हणायचं, ही त्यांची पद्धत. आखडलेल्या खांद्याला चालत असेल. ते लिगामेंट अजून कच्चं होतं हो!

मी जयसिंगला उताणं केलं. आधी चांगला पाय. गुडघा वाकवून नडगी पुढे ओढली की ती किंचित हलते आणि आतून गच्च अडते. मग दुसरा पाय ओढला. नडगी सरकली आणि सरकतच आली. अडवायला आत काही नव्हतंच.

"हे काय झालं?" जयसिंगचं हसू गेलं होतं.

"तुटलंय. पुन्हा."

तो हळूच म्हणाला, "आबांना नका सांगू. त्यांच्या हातनं झालंय. आन् उद्याच्या कुस्तीची जोड ठरलीय, मी समद्यांसमोर हात दिलाय."

"हात दिलास, आता पाय देणार का?" मी खेकसले आणि थेट सर्जेरावांना आत बोलावलं. सगळं सांगितलं. उद्या आखाड्यात उतरला तर गुडघ्यातली गादीही फाटेल, हा मुलगा जन्मभर लंगडेल, इतक्या सरळ शब्दांत सांगितलं.

सर्जेरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "जत्रा झाली की बघू, मॅडम."

"जत्रा झाल्यावर काय बघणार, कपाळ?"

"अहो, तुटलंय तर दुखंल का न्हाय? तुमी शिकलेली माणसं, उगा भ्या दाखवता." ते मुलाकडे वळले. क्षणभर त्यांच्या डोळ्यांतही काहीतरी हललं. "जयसिंग, खरं सांग. दुखतंय का?"

बसवलेल्या लिगामेंटला अजून संवेदना नसते, ते तुटलं तरी दुखेलच असं नाही, पण हे सर्जेरावांना पटणार नव्हतं. मी जयसिंगकडे पाहत राहिले. बोल रे बाबा, एकदा खोटं बोल!

"न्हाय आबा," तो म्हणाला, "अजाबात न्हाय."

सर्जेरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याचे बूट उचलून स्वतःच्या हातांनी त्याच्या पायांत घातले.