उणे एक पॉइंट दोन

माझी धाकटी बहीण बावन्न वर्षांची आहे, तरी मी तिला छोटीच म्हणतो. लसींच्या भांडारात ती कोल्ड रूम सांभाळते, आणि तिथलीच लस मी व्हॅनमधून दवाखान्यांना पोचवतो. म्हणजे घरी मी तिचा दादा आणि कामावर ती माझी वरिष्ठ. हे तिने मला एक दिवसही विसरू दिलेलं नाही.

वर्षापूर्वी कोल्ड रूमच्या दाराशेजारी नवा डिस्प्ले बसला. आत लॉगर, म्हणजे दर पाच मिनिटांनी तापमान टिपून ठेवणारी डबी. तिला तीन सेन्सर: एक दारापाशी, दुसरा मधल्या खणात द्रवाच्या बाटलीत बुडवलेला, म्हणजे लसीच्या बाटलीला काय वाटतंय ते कळावं, आणि तिसरा मागच्या भिंतीच्या खणात. आकडे बाहेर डिस्प्लेवर दिसायचे. बटणं चारच, पण सगळ्यांची पाचावर धारण बसली. छोटीने पहिल्यांदा एक दाबलं तर भोंगा असा केकाटला की ती मागे सरून थेट माझ्या पायावर उभी राहिली.

"छोटे, हे तुझ्या बापालाही जमायचं नाही," मी म्हणालो.

"बाप तुझाही तोच होता," ती म्हणाली आणि पुन्हा बटणाकडे वळली.

तिने पुठ्ठ्यावर चार बटणं काढली, पुठ्ठा शेगडीवरच्या भिंतीला टांगला आणि दूध तापेपर्यंत ती त्यावर बोटं फिरवायची. महिन्यात दूध तीनदा उतू गेलं. पण महिन्याअखेरीस बाई त्या डिस्प्लेवर हव्या त्या सेन्सरचा हव्या त्या दिवसाचा आकडा काढून दाखवायला लागली. आमच्या साहेबांना अजून ते येत नाही.

पाळी संपताना तिन्ही सेन्सरचा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, आणि मग पुढच्या माणसासाठी डिस्प्ले कोरा करायचा, अशी आमच्याकडची रीत. डिस्प्ले कोरा केला तरी लॉगरमध्ये सगळं राहतं.

गेल्या मंगळवारी तपासणीच्या बाई आल्या. मी व्हॅन लावून पेट्यांची वाट पाहत होतो. बाईंनी डिस्प्लेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. सर्वांत जास्त: नऊ पॉइंट चार. लस दोन ते आठच्या मध्ये राहायला हवी.

"सगळी खोली बाद," त्या म्हणाल्या. "अठरा हजार डोस."

छोटी पुढे झाली.

"बाई, दोन मिनिटं द्या." तिची बोटं चालायला लागली. "हे बघा, नऊ पॉइंट चार दाराजवळच्या सेन्सरवर आहे. सकाळी सात चाळीसला. दार उघडं राहिलं होतं, भोंगा वाजल्यावर लावलं. कोणामुळे, ते जाऊ द्या."

मी छताकडे बघायला लागलो. पेट्या उचलता उचलता दारात गप्पा मारायची सवय माझी.

"आणि हा बाटलीतला सेन्सर, त्याच वेळेचा. चार पॉइंट तीन. लसीला काही कळलंही नाही."

बाईंनी तिला तीन दिवस मागे जायला सांगितलं. छोटी बाटलीतल्या सेन्सरचे आकडे वाचत गेली, बाई लिहीत गेल्या. शेवटी बाई म्हणाल्या, "ठीक आहे, खोली चांगली आहे," आणि मान खाली घालून सही करायला लागल्या.

तेवढ्यात तिसऱ्या सेन्सरवर आलेलं छोटीचं बोट थांबलं. मी तिच्या मागेच होतो, म्हणून मला दिसलं. रविवार, दुपारचे तीन, तिसरा सेन्सर: उणे एक पॉइंट दोन. मागचे-पुढचे मिळून दोन तास तसेच. ही लस गोठली की वाया जाते, आणि बाटली दिसते मात्र अगदी जशीच्या तशी. भोंगा फक्त उष्णता वाढली की वाजायला लावलेला, म्हणून वाजला नव्हता. आणि वहीत त्या पाळीला छोटीच्या अक्षरात लिहिलेलं होतं: सर्वांत कमी, तीन पॉइंट एक.

तिने आधी डिस्प्ले कोरा केला होता आणि मग वही भरली होती, म्हणून वहीत फक्त त्या क्षणाचा आकडा गेला. घाईत. खाली मी हॉर्नवर हॉर्न वाजवत होतो ना, घरी न्यायला.

बाईंची सही अर्धी झाली होती. एक बटण दाबलं असतं तर आकडा पुढे सरकला असता. मी मनात म्हणालो, दाब गं, छोटे.

"बाई, सही करू नका," छोटी म्हणाली. "मागच्या भिंतीचा खण रविवारी गोठलाय. चौदाशे डोस. डिस्प्ले न वाचता मीच कोरा केला आणि वहीत चुकीचा आकडा लिहिला."

बाईंनी पेन खाली ठेवलं, तो आकडा स्वतः पाहिला, वही पाहिली.

"तुमच्या सेवापुस्तकात नोंद होईल, ताई. कदाचित ही जागाही जाईल."

"होऊ द्या. तो खण आधी बाहेर काढा."

व्हॅनमध्ये मी तिच्यावर डाफरलो. कुठून ही अवदसा आठवली, अर्धी सही झाली होती, वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि मग रडली. मी उगाच गिअर बदलत राहिलो.

नोंद झाली. जागा राहिली, कारण बाईंनीच खाली लिहिलं की हा डिस्प्ले चालवता येणारी ही एकटीच आहे. छोटीने दुसऱ्या दिवशी भोंगा थंडीसाठीही लावून घेतला. आता तो केकाटला की सगळे माझ्याकडे बघतात.

गुरुवारी माझ्या तीन महिन्यांच्या नातीला लस होती. सुनेने मांडीवर घट्ट धरलं, पोरीने दवाखाना डोक्यावर घेतला. नर्सने बाटली उजेडात धरली. आमच्याच भांडारातली होती. कुठल्या खणातली, ते विचारायची मला गरज वाटली नाही.